समुपदेशकाचे श्रम आणि पर्यवेक्षणाचा हक्क

‘पर्यवेक्षक’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सहसा दोन माणसे उभी राहतात. एक परीक्षेच्या वर्गात बाकांमधून येरझारा घालणारा. दुसरा कारखान्याच्या खात्यात उभा राहून कामगाराच्या हातावर आणि घड्याळावर नजर ठेवणारा. दोघांच्याही कामाचे मूळ संशयात आहे. समोरचा माणूस नजरेआड होताच लबाडी करील, या गृहीतावरच त्यांची नेमणूक झालेली असते. त्यामुळे निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या समुपदेशकांना नियमित पर्यवेक्षण मिळाले पाहिजे असे कोणी म्हटले, की चांगल्या चांगल्या पुरोगामी मंडळींच्याही कपाळावर आठी चढते. गरिबांच्या नावाने आलेला पैसा आणखी एका साहेबाच्या पगारावर कशाला घालवायचा, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न प्रामाणिक आहे, परंतु तो चुकीच्या समजुतीवर उभा आहे. आणि या समजुतीचा लाभ आज जे उठवीत आहेत, ते गरिबांचे कैवारी नसून खर्चकपातीचे कैवारी आहेत.

समुपदेशनाच्या क्षेत्रात पर्यवेक्षण याचा अर्थ हजेरी घेणे असा होत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी समुपदेशकाने आपल्याहून अनुभवी अशा सहकाऱ्यासमोर बसायचे. काम कोठे अडले, कोठे चुकले, कोणाची हकीकत ऐकून रात्री झोप लागली नाही, हे मोकळेपणाने बोलायचे. आणि पुढील भेटीत काय करावे हे दोघांनी मिळून ठरवायचे, असे त्याचे साधे स्वरूप आहे. ब्रिटनमधील ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात या कामाची तीन अंगे सांगितली: कामाची नीती व दर्जा राखणे, कौशल्य वाढवणे, आणि काम करणाऱ्या माणसाला पुन्हा उभारी देणे. मुकादमाला यांपैकी पहिले अंग तेवढे ठाऊक असते, तेही अर्धेमुर्धे. तिसऱ्याचा त्याला गंधही नसतो.

हा वाद पुस्तकी नाही. बांगलादेशातील कॉक्स बाझार जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने राखाइन प्रांतात जी मोहीम चालवली, तिच्यातून जीव वाचवून सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांतच सीमा ओलांडून आले. पूर्वी आलेले आणि नंतर आलेले मिळून आज त्या जिल्ह्यात दहा लाखांहून अधिक माणसे बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत दाटीवाटीने राहत आहेत. कुतुपालोंगची वसाहत ही जगातील सर्वांत मोठी निर्वासित छावणी म्हणून ओळखली जाते. जाळलेली गावे, आईबापांच्या डोळ्यांदेखत मारलेली मुले, स्त्रियांवरील सामूहिक बलात्कार, या साऱ्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ च्या अहवालात केलेली आहे. ही नोंद कागदावर वाचतानाही माणूस थांबतो. मग ती माणसाच्या तोंडून, दिवसाला पाच-सहा वेळा, आठवड्यातून पाच दिवस ऐकणाऱ्याचे काय होत असेल?

आणि ऐकणारे तरी कोण आहेत? एवढ्या लोकसंख्येला पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आशियातील कोणत्याच देशापाशी नाहीत. म्हणून हे काम दोन प्रकारच्या माणसांवर येऊन पडते. ढाका-चितगावकडून आलेले तरुण पदवीधर हा पहिला वर्ग. त्यांची नोकरी देणगीदाराच्या अनुदानाइतकीच टिकते. अनुदान संपले की करार संपला. दुसरा वर्ग खुद्द रोहिंग्या स्वयंसेवकांचा. निर्वासिताला रीतसर नोकरी करण्याची तेथे मुभा नसल्यामुळे त्यांच्या श्रमाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. हा स्वयंसेवक ज्या छावणीत दुसऱ्यांचे दुःख ऐकतो, त्याच छावणीत राहतो. २२ मार्च २०२१ रोजी लागलेल्या आगीत हजारो झोपड्या भस्मसात झाल्या; मे २०२३ मध्ये मोखा चक्रीवादळाने पुन्हा छपरे उडवली. अशा वेळी शेजाऱ्याला धीर देण्यासाठी जो बाहेर पडला, त्याचे स्वतःचे छप्पर जागेवर होते असे थोडेच आहे! समुपदेशक आणि पीडित यांच्यामधील टेबल येथे फारच अरुंद असते.

ऐकण्याचे हे श्रम शरीराच्या श्रमाप्रमाणे दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असे मानण्याची प्रथा पडली आहे. परंतु शास्त्राने ही प्रथा कधीच मोडीत काढली. लिसा मॅकॅन आणि लॉरी ॲन पर्लमन या दोघींनी १९९० साली दाखवून दिले, की आघातग्रस्तांचे सतत ऐकणाऱ्याच्या मनातील जगाविषयीचा विश्वासच हळूहळू बदलत जातो; माणसे चांगली आहेत, रस्ता सुरक्षित आहे, उद्या उजाडणार आहे, या साध्या श्रद्धांना तडे जातात. चार्ल्स फिगली यांनी १९९५ साली त्याला करुणेचा थकवा म्हटले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा कामाच्या ओघात भीषण घटनांच्या तपशिलाला वारंवार सामोरे जाणे हेही आघाताचे एक कारण म्हणून नोंदवले गेले. खाणीतल्या मजुराच्या फुप्फुसात धूळ साचते हे मान्य करायला मालकांना कित्येक दशके लागली. समुपदेशकाच्या मनात साचणाऱ्या धुळीबाबत तसाच विलंब आज चालू आहे.

पर्यवेक्षण या बाबतीत नेमके काय करते, हे एका कल्पित पण नित्याच्या प्रसंगावरून समजून घेता येईल. एक स्त्री प्रत्येक भेटीत नदी ओलांडतानाच्या रात्रीपर्यंत येते आणि तेथेच थांबते. समुपदेशिका अहवालात लिहिते, ‘बोलण्यास तयार नाही.’ पर्यवेक्षक रागावत नाही. तो एवढेच विचारतो, की ती थांबली त्या क्षणी कोण काय बोलले? समुपदेशिका आठवू लागते आणि तिच्या ध्यानात येते, की दर वेळी त्या ठिकाणी तिनेच घाईने पाणी पुढे केले होते, शिधापत्रिकेचा विषय काढला होता. पुढचे ऐकवणार नाही म्हणून तिच्या मनाने आपणहून दार लावून घेतले होते. हा आळस नव्हे, नालायकीही नव्हे. भारावलेल्या मनाने केलेला तो स्वतःचा बचाव आहे. पण तो तिच्या एकटीच्या लक्षात येणे कठीण. आता दोघे मिळून ठरवू शकतात, की त्या स्त्रीला ती रात्र खरोखरच सांगायची आहे काय, की तिला आत्ता फक्त झोप आणि सोबत हवी आहे. आणि सांगायची असेल, तर ऐकण्याचे बळ समुपदेशिकेला कोठून मिळणार. या एका तासाने निर्वासित स्त्रीचे दुसऱ्यांदा होणारे दुर्लक्ष टळते आणि समुपदेशिकेची स्वतःविषयीची शरमही टळते. एकीचे हित आणि दुसरीचे हित येथे वेगळे काढताच येत नाही.

या व्यवस्थेत दुभाष्याचा तर विसरच पडतो. चितगावची बोली आणि रोहिंग्यांची भाषा एकमेकींच्या जवळच्या असल्या, तरी एक नाहीत. दुःखाचे, लाजेचे, शरीराचे शब्द नेमके तेथेच निराळे होतात. जेथे दुभाषा लागतो, तेथे तो प्रथमपुरुषात बोलतो. ‘माझ्या मुलाला त्यांनी आगीत टाकले,’ हे वाक्य त्याला ‘माझ्या’ या शब्दासह उच्चारावे लागते. समुपदेशक निदान मान डोलवून ऐकतो. दुभाषा तर ते वाक्य स्वतःच्या जिभेवर घेतो. तरीही पर्यवेक्षणाच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते, कारण हिशेबवहीत त्याची नोंद ‘भाषासेवा’ या सदराखाली असते. श्रमविभागणीच्या नावाखाली माणसाचे तुकडे कसे पाडले जातात, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

हे सारे ठाऊक नव्हते अशी सबब जागतिक संस्थांना सांगता येणार नाही. आपत्तीच्या काळातील मानसिक आरोग्यासंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या व स्वयंसेवी संस्थांच्या स्थायी समितीने २००७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कर्मचारी व स्वयंसेवक यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आणि पाठपुरावा नसलेली एकदाच घेतलेली शिबिरे अवघड मानसिक उपचारांच्या तयारीसाठी वापरू नयेत, असे त्यांत बजावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली बिगरतज्ज्ञांकडून करवून घेण्याची पाच भेटींची उपचारपद्धती आणली, तीही पर्यवेक्षण गृहीत धरूनच. थायलंडच्या सीमेवरील मे सोत येथे ब्रह्मदेशातून पळून आलेल्या, तुरुंगवास व छळ सोसलेल्या निर्वासितांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तेथे उपचार करणारे डॉक्टर नव्हते, त्याच समाजातील सामान्य माणसे होती. त्यांच्यामागे स्थानिक पर्यवेक्षक होते आणि पर्यवेक्षकांमागे दूर असलेले तज्ज्ञ. ज्यांना उपचार मिळाले त्यांचे नैराश्य व आघाताची लक्षणे, प्रतीक्षेत ठेवलेल्यांच्या तुलनेने लक्षणीयरीत्या घटली. या चाचणीने पर्यवेक्षणाचा वाटा स्वतंत्रपणे मोजला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु पर्यवेक्षण वगळून तेच फळ मिळेल असे म्हणणाऱ्यांनी तसा पुरावा द्यावा. तो भार त्यांच्यावर आहे.

येथे खर्चाचा मुद्दा पुढे येतो, आणि तो टाळण्याचे कारण नाही. साधा हिशेब करून पाहावा. आठवड्याला चाळीस तास काम करणारे दहा समुपदेशक आहेत असे समजू. प्रत्येकाला आठवड्यातून एक तास व्यक्तिगत पर्यवेक्षण आणि सर्वांना मिळून दोन तासांची सामूहिक बैठक, असे धरले तर चारशे तासांपैकी समुपदेशकांचे तीस तास त्यात जातात. पर्यवेक्षकाचे बारा तास त्यांत मिळवले तरी दर शंभर तासांमागे हा खर्च अकरा तासांच्या आतच राहतो. एखाद्या गिरणीने यंत्रांच्या घसाऱ्यासाठी व देखभालीसाठी काहीच तरतूद केली नाही, आणि त्या बळावर आपला नफा वाढला अशी बढाई मारली, तर कोणताही हिशेबनीस तिला हसेल. छावण्यांतील प्रकल्पांच्या बाबतीत हाच प्रकार कार्यक्षमता म्हणून गौरवला जातो. देणगीदाराच्या तक्त्यात ‘किती भेटी झाल्या’ हा रकाना असतो. त्या भेटी देणारा माणूस सहा महिन्यांनी कोणत्या अवस्थेत होता, हा रकाना नसतो.

वाचवलेला हा खर्च नाहीसा होतो असे नाही. तो दुसऱ्याच्या खात्यावर ढकलला जातो. थकलेला समुपदेशक नोकरी सोडतो, नवा येतो, त्याला पुन्हा शिकवावे लागते. हे झाले संस्थेचे नुकसान. पण ज्या स्त्रीने अर्धी हकीकत मोठ्या कष्टाने सांगितली होती, तिला ती नव्या अनोळखी माणसापुढे पहिल्यापासून सांगावी लागते; अथवा ती येणेच बंद करते. या नुकसानीची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते, कारण ती भरणाऱ्याला मतही नाही आणि नागरिकत्वही नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो नेहमी सर्वांत दुबळ्याच्या पदरी पडतो. लंडनमधील समुपदेशकाला मात्र असे वाऱ्यावर सोडलेले नाही. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या संघटनेने व्यवसाय करणाऱ्या सभासदांवर दरमहा किमान दीड तास पर्यवेक्षण घेण्याचे बंधन घातले आहे. जी गोष्ट तिकडे सभासदत्वाची अट आहे, ती त्याच देशांच्या पैशावर चालणाऱ्या छावणीत चैन कशी ठरते?

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की फाळणीच्या वेळी लक्षावधी माणसे अशीच उद्ध्वस्त होऊन आली. कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला, तेथेच पुढे उल्हासनगर उभे राहिले. त्यांना कोणी समुपदेशक दिले होते? त्यांनी कष्टाने संसार उभारले, हे खरे आहे आणि त्यांच्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे. परंतु संसार उभारला म्हणजे जखम भरली असे ठरत नाही. उर्वशी बुटालिया यांचे फाळणीतील स्त्रियांच्या मौनावरचे पुस्तक यायला १९९८ साल उजाडावे लागले. पन्नास वर्षे ज्या घरांतून काही नावे उच्चारलीच गेली नाहीत, त्या घरांनी ही किंमत मोजलेली आहे. पूर्वीच्या पिढीने मुकाट्याने सोसले, म्हणून पुढच्या पिढीनेही सोसावे, हा युक्तिवाद आठ तासांच्या दिवसाविरुद्धही केला गेला होता.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. भुकेल्या माणसाला समुपदेशन काय कामाचे? २०२३ साली पैशाअभावी रोहिंग्यांचे शिधावाटप माणशी दरमहा १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणले गेले. अशा वेळी मनाच्या गोष्टी करणे हा फसवा दिलासा नव्हे काय? याचे उत्तर असे, की भूक आणि आघात यांचा गुंता सोडवण्यासाठीच पर्यवेक्षण लागते. ‘झोप येत नाही’ असे सांगणाऱ्या आईला श्वासाचे व्यायाम शिकवून परत पाठवणारा एकटा समुपदेशक नकळत अन्यायाचे रूपांतर आजारात करून टाकतो. दहा समुपदेशक एका बैठकीत बसले आणि दहाही जणांनी तेच सांगितले, की ध्यानात येते: हा मनाचा विकार नाही, ही शिध्याची कपात आहे. मग ती गोष्ट वर कळवणे हे पर्यवेक्षकाचे कर्तव्य ठरते. एकेका झोपडीतील हुंदका सामूहिक तक्रारीत बदलण्याची जागा छावणीत फार थोडी असते. पर्यवेक्षणाची बैठक ही त्यांपैकी एक आहे.

अर्थात या बैठकीचेही विकृतीकरण होऊ शकते, आणि होते. समुपदेशकांवरील कामाचा बोजा कमी करण्याऐवजी त्यांना ‘स्वतःची काळजी घ्या’ असा उपदेश करायचा, वर्षातून एकदा एखाद्या विश्रामगृहात नेऊन योगासने करवून घ्यायची आणि अहवालात त्याचे छायाचित्र छापायचे, ही रीत आता सर्वपरिचित आहे. ज्याच्या हाती नोकरीचे नूतनीकरण आहे तोच वरिष्ठ पर्यवेक्षक म्हणून समोर बसला, तर ‘मला हे झेपत नाही’ असे कोण म्हणेल? तेथे पर्यवेक्षण पुन्हा मुकादमी होते. माणसाला असह्य ते सहन करण्याइतपत मजबूत करणे एवढेच ज्याचे काम, ते पर्यवेक्षण मालकाच्या सोयीचे आहे. समाजवाद्यांनी त्याची बाजू घेण्याचे कारण नाही.

मनाच्या उपचारांना श्रीमंतांचे चोचले समजणाऱ्यांना या शास्त्राचा इतिहासही माहीत नसतो. १९१८ साली बुडापेस्टच्या परिषदेत फ्रॉइडने गरिबालाही मनाच्या उपचाराचा शस्त्रक्रियेइतकाच हक्क आहे, असे प्रतिपादन केले. त्यातून प्रेरणा घेऊन १९२० साली बर्लिनमध्ये ऐपत नसलेल्यांसाठी दवाखाना उघडला गेला, आणि मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने नवशिक्या उपचारकाचे काम अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली चालवण्याची पद्धत त्याच ठिकाणी रुजली. म्हणजे पर्यवेक्षणाची नियमबद्ध पद्धत गरिबांच्या दवाखान्यातच घडली. भारतालाही ती परकी नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले. अशा शिक्षणसंस्थांतून विद्यार्थ्याने दर आठवड्याला आपल्या शिक्षकासमोर बसून क्षेत्रकार्याची चर्चा करावी, हा आज देशभरचा परिपाठ आहे. विद्यार्थ्याला जे आवश्यक मानले, ते पदवी हाती पडताच अनावश्यक कसे होते?

या प्रश्नाला आज तातडी आली आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी त्या देशाची मदतसंस्था बंद झाली. पैसा आटतो तेव्हा कात्री कोठे लागते, हे सांगायला ज्योतिषी नको. तांदळाची पोती दिसतात, औषधांच्या पेट्या दिसतात; एका खोलीत समोरासमोर बसलेली दोन माणसे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. म्हणूनच निर्वासितांच्या बाजूने बोलणाऱ्या सर्व संघटनांनी, पक्षांनी आणि कामगार संघांनी काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. पर्यवेक्षणाचे तास हे पगारी कामाचे तास मानले जावेत व प्रत्येक अनुदानाच्या करारात त्यांची स्वतंत्र तरतूद असावी, म्हणजे ती गुपचूप वळवता येणार नाही. नेमणूक व बढती ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडे पर्यवेक्षण देऊ नये. दुभाषे व निर्वासित स्वयंसेवक यांना त्यात समान स्थान असावे. पर्यवेक्षकालाही पर्यवेक्षण मिळावे. आणि निर्वासितांतील अनुभवी स्त्री-पुरुषांनाच पर्यवेक्षक म्हणून तयार करावे, म्हणजे ज्ञान विमानाने येऊन विमानानेच परत जाणार नाही.

भारताने याबाबत शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात बांगलादेशाप्रमाणे भारतही सामील नाही, आणि येथे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. दिल्ली, जम्मू आणि हैदराबाद येथील वस्त्यांत राहणाऱ्या रोहिंग्यांबरोबर जे मूठभर कार्यकर्ते काम करतात, त्यांच्या डोक्यावर तर अटकेची आणि हद्दपारीची बातमी घेऊन येणाऱ्या कुटुंबांचाही भार असतो. त्यांच्यासाठी आठवड्यातला एक तास राखून ठेवणे, आणि त्या तासाला मजुरी देणे, हे कोणत्याही सरकारी परवानगीवाचून आजपासून सुरू करता येण्याजोगे काम आहे. ज्या संस्था स्वतःला पुरोगामी म्हणवतात, त्यांनी आपल्या चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात हा तास कोठे आहे, तो आधी शोधावा.